मान वर झाली की थांबायचं : बागेतल्या तळ्यावरची रानबदकं आणि एक कॅमेरा

पार्श्वभूमी

पुण्याच्या पश्चिम भागातल्या एका सार्वजनिक बागेत जेमतेम तीन एकरांचं तळं आहे. नाव सांगत नाही. हिवाळ्यात पहाटे तिथे लेन्सवाल्यांची रांग लागलेली मला नको आहे. पक्षी बघणारी मंडळी पाषाण तलावावर जातात, मुळा-मुठेच्या काठी कवडीपाटला जातात, रविवार गाठून भिगवणला जातात. या तळ्याकडे कुणी वळत नाही. एका बाजूला दगडी घाट, समोर पाणकणसाचं दाट बेट, भोवती फरशीचा चालायचा रस्ता, आणि त्या रस्त्यावर सकाळी सहापासून नऊपर्यंत न थांबणारी वर्दळ.

घाटापाशी सहा पांढरी पाळीव बदकं असतात. लोक त्यांना शेव, कुरमुरे, शिळा पाव टाकतात आणि तळ्यावर बदकं एवढीच आहेत असं समजून पुढे जातात. रानबदकं पाणकणसाच्या सावलीला, पाण्याच्या रंगात मिसळून बसलेली असतात. वर्षभर राहणारं हळदी-कुंकू बदक हे त्यातलं मुख्य. ज्याने हे नाव ठेवलं त्याने ते अगदी जवळून पाहिलेलं असणार: काळ्या चोचीच्या टोकाला हळदीचं बोट, चोचीच्या मुळाशी कपाळाला टेकून कुंकवाचे दोन ठिपके. थंडीत त्यांच्या सोबतीला भुवई बदकं येतात, थापटे येतात, एखाद्या वर्षी चक्रांगही दिसतात. फावड्यासारख्या चोचीचे थापटे घोळक्याने एकमेकांमागे गोल गोल पोहून पाणी ढवळतात आणि वर आलेलं बारीक खाद्य चोचीने गाळून घेतात. सांडपाण्याने गढुळलेल्या शहरी तळ्यांवर त्यांचं चांगलं भागतं, त्याचं कारण हेच.

हे प्रकरण ज्यांचं आहे त्यांना मी नुसतं ताई म्हणेन. वय ६१, गणिताच्या निवृत्त शिक्षिका. गुडघे दुखतात, त्यामुळे पाण्याच्या पातळीला पोटावर पडून फोटो काढा हा नेहमीचा सल्ला त्यांच्या उपयोगाचा नव्हता. कॅमेरा क्रॉप, म्हणजे लहान, सेन्सरचा, लेन्स ७०-३०० मिमीची. मी त्या तळ्यावर बारा वर्षं पक्ष्यांच्या नोंदी ठेवतो आहे. ताईंच्या परवानगीने आणि त्यांच्या वहीच्या आधाराने हे लिहितो आहे.

अडचण

सप्टेंबरात ताईंनी सुरुवात केली. पहिले तीन आठवडे रोज एकच घडलं. घाटाजवळ पोचायचं, ट्रायपॉड उघडायचा, डोळा कॅमेऱ्याला लावायचा, तोवर बदकं पाठ फिरवून पलीकडच्या काठाला निघालेली. ताई वळसा घालून पलीकडे गेल्या की बदकं परत अलीकडे. एका दिवसाची नोंद अशी आहे: "तीन फेऱ्या. २१४ फोटो. सगळे शेपटीचे."

गणिताच्या बाई असल्यामुळे त्यांनी हिशोब मांडला. ३०० मिमी लेन्सने ४० मीटरवरून पाहिलं तर चौकटीत आडवी साधारण तीन मीटरची जागा मावते. हळदी-कुंकू बदक लांबीला साठ सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे चौकटीचा जेमतेम पाचवा हिस्सा. तेच बदक १५ मीटरवर आलं तर निम्मी चौकट भरतं. "मला फक्त पंचवीस मीटर कमी करायचे आहेत," त्या म्हणाल्या. आणि मग तो प्रश्न, ज्याच्याभोवती हे सगळं फिरतं: "पळणारा माणूस बारा-पंधरा मीटरवरून जातो तर ही मानसुद्धा वळवत नाहीत. मी चाळीस मीटरवर नुसती उभी राहिले तर निघून जातात. मी काय घोडं मारलंय यांचं?"

मला हा प्रश्न फार योग्य वाटला, कारण उत्तर त्यातच होतं. रस्त्यावरून पळणारा माणूस येतो आणि जातो. बदकांनी त्याला हजार वेळा पाहिलेलं असतं आणि तो कधी पाण्याकडे वळलेला नसतो. जो थांबतो, रोखून बघतो, कमरेत वाकतो, फरशी सोडून गवतात उतरतो, दोन पावलं पुढे येऊन पुन्हा गोठतो, त्याचं वागणं शिकाऱ्याचं असतं. भटका कुत्रा असाच येतो. ताई अगदी प्रामाणिकपणे, फोटोग्राफीच्या व्हिडिओंत शिकवल्याप्रमाणे, दबकत जात होत्या. बदकाचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात. मॅलार्ड नावाच्या रानबदकाला मान न वळवता सभोवार दिसतं, आणि हळदी-कुंकू बदक त्याच्याच जवळच्या नात्यातलं. दबकत येणारा माणूस त्याला दिसत नाही, ही आपली समजूत.

ऑक्टोबरातली सकाळ

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात एक मादी सात पिल्लं घेऊन पाणकणसाच्या कडेला दिसू लागली. पिवळट-तपकिरी, लिंबाएवढी पिल्लं. ताईंना झोप लागेना. पाणकणसाच्या मागच्या बाजूला माळ्यांची एक पायवाट आहे. तिथून गेलं तर दहा मीटरवर पोचता येईल, हे त्यांनी हेरून ठेवलं होतं. त्या गेल्या. मादीने मान ताठ केली, एक बारीक, तुटक आवाज काढला आणि पिल्लांना घेऊन आडोशातून बाहेर, उघड्या पाण्यात निघाली. ताईंनी बटण दाबून धरलं. त्या सलग फोटोंपैकी सहाव्या फोटोत वरच्या कोपऱ्यात घारीचा पंख आहे. आठव्यात पिल्लं सहा आहेत.

घारी रोजच घिरट्या घालतात, पिल्लं एरवीही जातात, हे मी त्यांना सांगितलं. हळदी-कुंकू बदकाची सगळीच पिल्लं कधी मोठी होत नाहीत. पण त्या सकाळी ती आडोसा सोडून बाहेर का आली होती हे ताईंना ठाऊक होतं आणि मलाही. त्या आठ दिवस तळ्यावर आल्या नाहीत. आल्या तेव्हा वहीत नव्या पानावर मथळा होता: "बदक काय सांगतं". माझ्या मते या प्रकरणातला खरा निर्णय तो होता. जवळ कसं जायचं हा प्रश्न मागे पडला आणि आपण आल्याचं बदकाला कधी कळतं हा प्रश्न पुढे आला.

पुढचे पंधरा दिवस त्यांनी कॅमेरा पिशवीतून काढला नाही. दुर्बीण आणि वही घेऊन बाकावर बसायच्या. त्यातून जो क्रम हाती आला तो मला इतक्या वर्षांत असा नीट मांडता आला नव्हता. आधी खाणं थांबतं: शेपूट वर करून पाण्यात डोकं खुपसलेलं बदक सरळ होतं आणि पुन्हा डोकं खाली घालत नाही. मग मान वर होते, काठीसारखी. मग ते तुमच्याकडे शेपूट करून सावकाश दूर जातं, जणू सहज निघालंय. मग मान वरखाली झटकायला लागतं आणि तोंड वाऱ्याकडे करतं. त्यानंतर उड्डाण. या जातीच्या बदकांना वारकरी नावाच्या पाणपक्ष्यांसारखं पाण्यावर धावत जावं लागत नाही, ती जागेवरून सरळ वर उठतात, म्हणून शेवटच्या दोन पायऱ्या डोळ्याचं पातं लवेपर्यंत संपतात. ताई आजवर तिसऱ्या पायरीवर कॅमेरा उचलत होत्या. म्हणून सगळे फोटो शेपटीचे.

कोणते पर्याय तोलले

मोठी लेन्स हा पहिला विचार. ६०० मिमीपर्यंत जाणाऱ्या झूमची किंमत लाखाच्या घरात, वजन दोन किलोच्या आसपास. पैसे होते, पण मनगटाला झेपेल का ही शंका होती. माझी हरकत वेगळी होती. चाळीस मीटरवर घाबरलेलं बदक ६०० मिमीतून घाबरलेलंच दिसतं, फक्त मोठं. शिवाय ऊन चढलं की पाण्यावरच्या तापल्या हवेची थरथर लांबच्या फोटोत उतरते आणि पिसांची रेघ न् रेघ पुसून टाकते. त्यावर कुठल्याही लेन्सचा इलाज नाही.

लपायचा तंबू आम्ही एक दिवस लावून पाहिला. जंगलात चालणारी गोष्ट बागेत चालत नाही. पाच मिनिटांत चार मुलं आत डोकवायला आली, एक आजोबा आत काय आहे म्हणून विचारून गेले, आणि गेटवरच्या मामांनी विनंती केली, "ताई, हे काढा बरं, लोक मलाच विचारतायत." ड्रोनचा विषय मी सुरू होताच संपवला. परवानग्यांचा भाग सोडा, डोक्यावर घोंघावणारी वस्तू बदकांसाठी घारीहून वेगळी नाही.

खाणं टाकून जवळ बोलावणं हा सर्वांत मोहाचा पर्याय होता. त्याची गोष्ट पुढे येते.

उरला तो सर्वांत सोपा आणि सर्वांत कंटाळवाणा मार्ग. रोज एकाच जागी, एकाच वेळी, तशाच कपड्यांत जाऊन बसायचं आणि रस्त्यावरच्या माणसांइतकंच बदकांच्या ओळखीचं व्हायचं.

कुरमुऱ्यांचा दिवस

नोव्हेंबरच्या शेवटी कॉलेजचा एक मुलगा मोठी लेन्स घेऊन येऊ लागला. स्वभावाने गोड आणि घाईचा. ताई दहा-बारा दिवस घाटावर नुसत्या बसलेल्या पाहून तो म्हणाला, "काकू, असं बसून वर्ष जाईल. थांबा." त्याने कुरमुऱ्यांची पिशवी आणली होती. ताईंनी त्याला थांबवलं नाही. वहीत स्वच्छ लिहिलंय: "मला वाटलं, एकदा बघू."

पहिल्या मुठीला सहाही पांढरी बदकं कलकलाट करत आली. दुसऱ्या मुठीला कावळे उतरले. कावळ्यांमागोमाग कठड्याजवळची दोन कुत्री घाटाच्या शेवटच्या पायरीपर्यंत आली आणि पाणकणसाच्या कडेची अकरा रानबदकं एका झटक्यात उठली. मुलगा उड्डाणाचे फोटो मिळाले म्हणून खूश होता. दुसऱ्या दिवशी तळ्यावर रानबदकं शून्य, तिसऱ्या दिवशी शून्य, चौथ्या दिवशी चार.

मी त्या मुलाला रागावलो नाही. त्याला सोबत बसवून वहीतले ते तीन आकडे दाखवले. हे पक्षी हिवाळाभर इथे का येतात तेही सांगितलं: थापट्याला आणि भुवईला मार्च-एप्रिलात हिमालय ओलांडून परत जायचं असतं. ते अंतर त्यांनी इथे साठवलेल्या चरबीवर कापायचं असतं, आणि प्रत्येक उड्डाण त्या साठ्यातून खर्च होतं. पाण्यात कुजणारं खाणं आणि त्यावर जमणारी कुत्री हा धोका वेगळाच. तो मुलगा गप्प बसला. नंतर विचारलं, "मग उडतानाचा फोटो काढायचाच नाही?" काढायचा. संध्याकाळी ती आपण होऊन चरायला बाहेर पडतात तेव्हा वाऱ्याची दिशा बघून बसायचं. ती वाऱ्याकडे तोंड करूनच उठतात.

प्रत्यक्ष काय केलं

डिसेंबरपासून ताईंनी घाटाची तिसरी पायरी धरली. पाण्यापासून वीतभरच वर असल्याने गुडघ्यांना त्रास न होता कॅमेरा खाली राहायचा. पाठीमागे कठडा होता, त्यामुळे आकाशासमोर माणसाची आकृती उठून दिसायची नाही. पूर्व-आग्नेयेचा सूर्य डाव्या खांद्यामागून यायचा. जानेवारीत पुण्यात सूर्य सातच्या सुमारास उगवतो. ताई सव्वासहाला, अंधारातच, जाऊन बसायच्या. त्यामुळे बदकांना त्या आलेल्या दिसायच्या नाहीत. उजाडलं की त्या तिथे असायच्याच, घाटाच्या दगडासारख्या.

ट्रायपॉड घरी राहिला. त्याचे पाय उघडताना होणारा खटका आणि हातांची हालचाल, दोन्ही नकोच होतं. मांडीवर तांदळाची छोटी पिशवी, तिच्यावर लेन्स. कॅमेरा आधीपासूनच डोळ्यापाशी. बदक जवळ आल्यावर उचलायचा नाही. शटर आवाज न करणारं. तोच खाकी स्वेटर, तीच तपकिरी शाल. नियम एकच, वहीच्या पहिल्या पानावर: मान वर झाली की थांबायचं. म्हणजे बटणावरचं बोटसुद्धा काढायचं, कॅमेरा खाली घ्यायचा, नजर वळवून दुसरीकडे, शक्यतो पांढऱ्या बदकांकडे बघायचं. मान खाली गेली, खाणं परत सुरू झालं, तरच पुढचा फोटो.

नजर वळवण्याबद्दल मला आधी शंका होती. पण मी स्वतः शेजारी बसून पाहिलं. रोखून पाहिलं की मान वरच राहायची; ताईंनी मान वळवून शालीचं टोक नीट करायला घेतलं की दहा-वीस सेकंदांत बदक पुन्हा पाण्यात डोकं घालायचं.

निष्पत्ती

पहिले चौदा दिवस अंतर कमी झालं नाही, आणि इथे बहुतेकांचा धीर सुटतो. पंधराव्या दिवशी एक जोडी पाणकणसाचं बेट सोडून तळ्याच्या मध्यापर्यंत आली. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात धुकं उतरलेल्या एका सकाळी तीच जोडी घाटाच्या टोकाशी, ताईंच्या अंदाजाने तेरा मीटरवर, येऊन बसली आणि पिसं साफ करू लागली. त्या दिवशी फोटो फक्त एकोणचाळीस. त्यातल्या एकात नराने पंख थोडा उचललाय, आणि एरवी मिटलेल्या पंखाखाली लपणारा हिरवा झगझगीत पट्टा पांढऱ्या किनारीसकट उघडा पडलाय. मानेवरून ओघळणारा पाण्याचा एक थेंब चोचीच्या हळदीवर अडलाय.

मला मात्र दुसरा फोटो जास्त आवडतो. फेब्रुवारीतली दुपार, आठ बदकं ओळीने झोपलेली, चोची पाठीच्या पिसांत. मधल्या सहांचे दोन्ही डोळे मिटलेले. कडेच्या दोघांचा बाहेरचा, रस्त्याच्या बाजूचा डोळा उघडा. इंडियाना राज्यातल्या संशोधकांनी १९९९ साली मॅलार्डवरच्या अभ्यासातून हेच दाखवलं होतं: रांगेच्या टोकाची बदकं अर्धा मेंदू जागा ठेवून झोपतात आणि धोक्याच्या बाजूचा डोळा उघडा ठेवतात. ते ताईंना मी फोटो पाहिल्यावर सांगितलं. त्यांनी तो फोटो मोठा केला, त्या उघड्या डोळ्यात घाटाच्या पायऱ्या दिसताहेत का ते बराच वेळ शोधलं.

आणखी एक गोष्ट घडली, जी ठरवली नव्हती. बागेचे माळीमामा दर फेब्रुवारीत पाणकणीस सरसकट कापायचे. तळं स्वच्छ दिसावं अशी वरून सूचना असते. ताईंनी त्यांना ते झोपलेल्या बदकांचे आणि ऑक्टोबरातले पिल्लांचे फोटो छापून दिले, घारीच्या पंखासकट. मामा म्हणाले, "एवढी आत राहतात होय? मला वाटलं पाणकोंबड्याच हायेत." त्यांनी बेटाचा पाण्याकडचा दोन-अडीच मीटरचा पट्टा न कापता ठेवला आणि वरिष्ठांना तसं सांगितलंही.

वेगळं काय करता आलं असतं

कॅमेरा न घेता दोन आठवडे बघणं हे सगळ्यात आधी यायला हवं होतं, सप्टेंबरात. ते ऑक्टोबरच्या सकाळीनंतर आलं. यात माझीही चूक आहे. ताई रोज वळसे घालताना मला दिसत होत्या आणि शिकतील हळूहळू म्हणून मी गप्प राहिलो. पिल्लं दिसल्यावर तरी मागच्या पायवाटेबद्दल बोलायला हवं होतं. वन्यजीव संरक्षण कायद्यात, १९७२ पासून, पक्ष्यांच्या अंड्यांना आणि घरट्यांना त्रास देणं शिकारीच्या व्याख्येत येतं. पिल्लं पाण्यात उतरली की तो शब्दशः लागू होत नसेल, पण पिल्लांसोबतची मादी दिसली की रस्त्यावरून हलायचं नाही, एवढं मी आता प्रत्येक नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगतो.

कुरमुऱ्यांच्या दिवशी ताई नाही म्हणू शकल्या असत्या. त्यांचं म्हणणं असं की बारा दिवस हाती काही न लागता बसल्यावर नाही म्हणायची ताकद उरलेली नव्हती. हे मला पटतं. म्हणून आता मी लोकांना रोज दोन तास बसायला सांगत नाही. पन्नास मिनिटं, आणि दुसऱ्या दिवशी परत. थकलेला माणूसच शॉर्टकट घेतो.

लेन्सबद्दल माझं मत थोडं बदललंय. ३०० मिमीवर भागलं खरं, पण ते तेरा मीटरवर आलेल्या एका जोडीमुळे. थापटे वीस मीटरच्या आत कधीच आले नाहीत आणि ताईंकडे त्यांचा एकही मनासारखा फोटो नाही. ४०० मिमीची हलकी लेन्स असती तर थापट्यांना न हलवता ते जमलं असतं. ती आधी भाड्याने घेऊन मनगटाला झेपते का बघायची, असं ठरलंय.

कॉलेजचा तो मुलगा जानेवारीपासून तिसऱ्या पायरीवर ताईंच्या शेजारी येऊन बसतो, तेही अंधारात. एका माणसाची सवय झालेली बदकं दोन माणसं चालवून घेतात का, हा आता वहीतला नवा रकाना आहे. एकट्या ताई असतानाची सर्वांत जवळची नोंद तेरा मीटर, दोघं असतानाची एकोणीस. पण दोघांचे दिवस अजून नऊच झालेत, आणि नऊ दिवसांवरून ताई काही म्हणायला तयार नाहीत.